मूठकाका शहीद होतात

मूठकाकांना उघड्या हाताने काही ढकलता येत नाही. दार असो, कपाटाचा खण असो, नाहीतर बसच्या दारात अडकून बसलेला एखादा जाडजूड प्रवासी असो, काका आधी चारही बोटं मिटतात, त्यावर अंगठा दाबतात आणि मग त्या मुठीने ढकलतात. बेकरीत भट्टीसमोर उभे राहिले की पावाचे ट्रे अशा आवेशाने आत जातात, की बघणाऱ्याला वाटावं, पावांनी यांच्या बापाचं काहीतरी केलंय. वय झालं पासष्टीच्या पुढं. बेकरीवाला कितीदा म्हणाला, "काका, आता घरी बसा." काकांना ऐकू कमी येतं, आणि घरी बसा हे तर मुळीच ऐकू येत नाही.

काकू म्हणतात, "लग्नात फोटो काढणारा म्हणाला, नवरीचा हात धरा. यांनी मूठ पुढं केली. मला वाटलं, पहिल्याच दिवशी मारतात की काय."

ही सवय रणगाड्यातली. काका तरुणपणी रणगाड्यात लोडर होते. म्हणजे तोफेत गोळा भरणारा. रणगाड्यात माणसं चार. साहेब हुकूम देणार, तोफवाला नेम धरणार, ड्रायव्हर हाकणार आणि लोडर भरणार. गोळा आत गेला रे गेला की तोफेची मागची पोलादी झडप खाडकन बंद होते. त्या वेळी हात उघडा असला तर बोटं गोळ्याबरोबर आत. मूठ असली तर झडप मुठीला बाहेर लोटते. म्हणून गोळा मुठीने ढकलायचा. सैन्य सुटलं, रणगाडा सुटला, कानातला पडदा गेला, मूठ काही सुटली नाही. गल्लीनं तिचंच नाव काकांना दिलं. खरं नाव तीन शब्दांचं आहे म्हणतात, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर राहतं. गल्लीत त्या नावाने हाक मारली तर काका सोडून बाकी सगळे वळून बघतील.

उजव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही. ते शत्रूच्या गोळीनं उडालं, हे गल्लीतल्या लहानथोरांना पाठ आहे. काकांनी असं कधी सांगितलं नाही. तसं नाही, असंही कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं तर काका आभाळाकडे बघून एक हुंकार देत. त्या हुंकारावर त्यांनी पंचेचाळीस वर्षं काढली. बेकरीत पहिली वाफाळती लादी, बसमध्ये खिडकीची जागा, केशकर्तनालयात रांग सोडून खुर्ची. एका पेराच्या बदल्यात वाईट नाही.

आता टाकीवाल्यांकडे येऊ. यायलाच हवं, कारण ते जिथं तिथं आधीच येऊन बसलेले असतात. टाकीवाले पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या विकतात. काळ्या, पिवळ्या, तीन थरांच्या, गळली तर बदलून मिळेल वगैरे. वस्तीच्या चौकात युद्धात गेलेल्या रणगाडा तुकडीच्या जवानांचं स्मारक करायचं ठरलं, तेव्हा अध्यक्ष कोण असा प्रश्न निघाला आणि टाकीवाले म्हणाले, "टँक म्हटलं की आमच्याशिवाय आहे कोण?" त्यांना हा विनोद वाटला. समितीला तो ठराव वाटला. झाले अध्यक्ष.

स्मारकाला रणगाडा हवा. खरा मिळेना, म्हणून सिमेंटचा केला. समोरून बघितला तर इस्त्री वाटे, बाजूनं बघितला तर बसकण मारलेली म्हैस. वरचा गोल घुमट कुणाला जमेना. शेवटी टाकीवाल्यांनी दुकानातली पाचशे लिटरची टाकी पालथी घातली, वर सिमेंट फासलं, हिरवा रंग दिला आणि भोक पाडून त्यात पाइप खुपसला. झाली तोफ. रंगाखालून कंपनीचा शिक्का अजून उन्हात उमटतो. बघायला आलेले साहेबलोक म्हणाले, वा, हुबेहूब. साहेबलोकांनी रणगाडा बघितला नव्हता, हे टाकीवाल्यांचं नशीब.

आता खाली दगड आणि दगडावर नावं. आपल्या वस्तीशी नातं असलेली रणगाड्यातली माणसं कोण, तर मूठकाका आणि त्यांचे साथीदार. टाकीवाले एका सकाळी काकांच्या घरी गेले. काका बेकरीत. काकू नळाखाली भांडी घासत होत्या, पाणी धो धो, वर परातीचा खणखणाट. टाकीवाल्यांनी भिंतीवरचा जुना फोटो मागितला. रणगाड्यापुढं चार पोरं उभी, टोप्या तिरक्या, छात्या फुगवलेल्या. फोटोमागं साहेबांच्या वळणदार अक्षरात चौघांची पूर्ण नावं. काकूंना तेवढीच धूळ कमी, त्यांनी काढून दिला. हे चौघं काकांचे साथीदार, असं समजून टाकीवाल्यांनी फोटो छातीशी धरला, आवाज खर्जात नेला आणि विचारलं, "काकू, गेले ना?"

काकूंना वाटलं, हे काकांबद्दल विचारतायत. म्हणाल्या, "गेले की."

"अरेरे. केव्हा गेले?"

"सकाळी सातला."

"शांतपणे गेले?"

"कसले शांतपणे! चहा गार दिला म्हणून कुरकुरत गेले."

टाकीवाल्यांनी डोळे टिपले आणि वहीत लिहून घेतलं. माणूस ऐकतो तो स्वतःचं पुढचं वाक्य जुळवण्यापुरता, त्यामुळे यात काही खटकण्यासारखं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. चहाचं दगडावर घेतलं नाही, एवढा विवेक मात्र दाखवला.

बेकरीच्या मागच्या अंगाला छिन्नीवाल्याची शेड आहे. दारावरच्या पाट्या, कोनशिला, थडग्याचे दगड, जे म्हणाल ते कोरतो. समारंभाला आठवडा उरला असताना त्यानं भिंतीवरून हाक दिली, "काका, ओ काका! तुमच्या रणगाड्याचं काम आलंय. नजर टाका एकदा."

काका हात पुसत गेले. दगड काळा, गुळगुळीत. सगळ्यात वर टाकीवाल्यांचं नाव, टपोऱ्या अक्षरात. त्याखाली "यांच्या शुभहस्ते". त्याखाली समितीचे सभासद, पदाप्रमाणे. मग एक नक्षी. मग, जागा उरली होती तिथं, जवान. "या चार वीरांनी सकाळी ठीक सात वाजता हसतमुखाने देह ठेवला."

काका हसले. रणगाड्यावर गोळा पडला तेव्हा दुपार कलली होती, आणि त्या रणगाड्यात हसतमुख माणूस कधी बसलाच नव्हता. आत बसलं की ढोपर कुणाच्या तरी बरगडीत असायचं.

काका बोट ठेवून वाचू लागले. पहिलं नाव साहेबांचं. काका थांबले. दुसरं तोफवाल्याचं. हा बेटा झोपेत नेम धरायचा, असं त्याच्याबद्दल म्हणत. तिसरं ड्रायव्हरचं. काकांनी त्यावर बोट जास्त वेळ ठेवलं, कारण ड्रायव्हरची एक विजार काकांकडे राहिली ती राहिलीच. चौथं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"हा कोण रे?"

"मला काय माहीत?" छिन्नीवाला म्हणाला. "तुमच्यातलाच असेल."

"हा मी."

छिन्नीवाल्यानं दगडाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "मग तुम्ही कोण?"

घरी काकूंना सांगितलं तर त्या आधी खुर्चीत बसल्या आणि मग पोट धरून हसल्या. "तरीच! दोन दिवस झाले, मेल्यासारखेच बसून असता. बघू नाडी."

"हसतेस काय? सातला गेले, हे तूच सांगितलंस त्याला!"

"मग सातलाच जाता ना तुम्ही बेकरीत? मला काय ठाऊक, तो मला विधवा करायला आलाय!" काकूंनी ताट वाढलं. "जेवणार का? की शहिदांचं जेवण तोफखान्यातून येतं?"

काका जेवले. दोन घास जास्तच जेवले, जिवंत असल्याची खात्री करून घ्यावी तसे. मेल्यांत आपलं नाव लागलं, याचं त्यांना फारसं काही नव्हतं. आयुष्यभर ज्याची सही कुणी विचारली नाही, त्याचं नाव काळ्या दगडावर आलं तर कोण रडेल? पण दगडावर ओळी चार. तीन बरोबर. चौथ्या ओळीत जो हवा होता, त्याच्या जागेवर काका बसले होते. आणि ही अदलाबदल दुसऱ्यांदा झाली होती. पहिल्यांदा तो काकांच्या जागेवर बसला होता.

तो म्हणजे चिमूट.

चिमूट तुकडीचा स्वयंपाकी. सैन्यातला नव्हे, कंत्राटी. वाटेत कुठं तरी लागला आणि भांड्यांबरोबर पुढं येत राहिला. अंगानं किरकोळ. तिखट टाको, साखर टाको, कुणी ओरडलं की म्हणणार, "चिमूटभरच घातलंय हो!" आणि घालायचा पसा भरून. त्याच्या हातचं खाऊन एकदा ड्रायव्हर अर्धा तास रणगाडा नुसता गोल फिरवत होता. नाव पडलं चिमूट. दुसरं काही नाव असेल, अशी शंका कुणाला आली नाही. जेवण वेळेवर आलं तर माणूस नाव विचारत नाही.

या चिमूटला एकच वेड, रणगाड्यात बसायचं. जेवणं आटोपली की लोडरच्या मागं लागे, "मला दाखवा ना." बदल्यात तळाशी राहिलेली खरवड, साखरेचा खडा, एखादा जास्तीचा कांदा. काकांचं वय तेव्हा बावीस. बावीस वर्षांच्या माणसाला कुणी मास्तर म्हटलं की तो काय वाटेल ते शिकवतो. काकांनी शिकवलं. सरावाचा बोथट गोळा उचलायचा कसा, वळायचं कसं, मुठीनं ढकलून हात वर काढायचा कसा. पोरगा जात्याच चलाख. महिन्याभरात त्याचा हात असा बसला, की तोफवाला म्हणाला, "याला इकडे घ्या आणि या लोडरला चुलीवर बसवा, तिकडे तरी उपाशी मरणार नाही आपण."

काकांना ते झोंबलं. मास्तरपण दाखवायची खुमखुमी आली. म्हणाले, "सगळं येतं म्हणतोस, आता काय करायचं नाही ते बघ. हात असा उघडा ठेवायचा नाही." आणि असा उघडा ठेवून दाखवला. झडपेला काय, शिकवणं कळत नाही. खाडकन बंद झाली. अंगठ्याचं पेर आत आणि काका बाहेर.

दुसऱ्या सकाळी पुढं निघायचा हुकूम आला. काकांचा हात पट्ट्यांनी एवढा मोठा झालेला. बदली लोडर कुणाकडेच नाही. साहेब शिव्या देत उभे. तेवढ्यात चिमूट हात पुसत आला आणि म्हणाला, "मला येतं."

साहेबांनी काकांकडे बघितलं. शिकवणारा कोण, हे त्यांना ठाऊक होतं. काका म्हणाले, "येतं त्याला."

एवढंच. दोन शब्द. दुपार कलताना तो रणगाडा पेटला तो चौघांसकट. काका त्या वेळी इस्पितळाच्या तंबूत अंगठा वर धरून बसले होते आणि नर्सकडे दुसरी उशी मागत होते.

पुढं काकांनी चिमूटबद्दल सैन्याच्या कचेरीला तीनदा पत्रं लिहिली. तिन्ही वेळा उत्तर आलं, छापील: आमच्या नोंदीत असा इसम नाही. बरोबरच आहे. कंत्राटी स्वयंपाकी रणगाड्यात नसतो. असला तर तो स्वयंपाकी नसतो. आणि तो दोन्ही नसला, तर मेला तरी कुठं? कागदाला अशी माणसं फार सोयीची पडतात.

काका समितीच्या बैठकीला गेले. बैठक टाकीवाल्यांच्या गोदामात, टाक्यांच्या मधोमध. कुणी बोललं की चहूबाजूंनी घुमे, त्यामुळे प्रत्येकाला आपण फार खोल बोललो असं वाटे. काकांनी सांगितलं, चौथं नाव चुकलंय, तो मी आहे, मी जिवंत आहे.

मग टाकीवाले म्हणाले, "काका, अभिनंदन!"

"कशाचं?"

"जिवंत असल्याचं. आता असं बघा, दगड कोरून झालाय. पत्रिका छापून झाल्यात. तुम्ही जरा सांभाळून घ्या."

"सांभाळून म्हणजे? मरू?"

"छे छे, तसं कोण म्हणतंय? फक्त समारंभाला मागं बसा. आणि आज ना उद्या..." टाकीवाल्यांनी हात वर नेऊन सोडला. "दगड काय, शंभर वर्षं राहतो. म्हणजे पुढं बरोबरच ठरेल."

सभासदांनी माना हलवल्या. शहाणपणाच्या गोष्टीला हलवाव्यात तशा.

काका म्हणाले, "माझं राहू द्या. तिथं दुसरा माणूस होता. त्याचं नाव घाला." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. चूल, कांदा, बोथट गोळा, उघडा हात. पंचेचाळीस वर्षांचा तो हुंकार त्या गोदामात टाक्यांवर आपटून आपटून फुटला. सांगायला मोठ्यानं लागलं, कारण काकांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. बाहेर रस्त्यावर भाजीवाल्यानंसुद्धा ऐकलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत कुणी ऐकायचं राहिलं नाही.

टाकीवाल्यांनी अंगठ्याकडे बघितलं. आधी ज्याकडे बघून छाती फुगायची, त्याच अंगठ्याकडे आता ते गळक्या टाकीकडे बघावं तसं बघत होते. "म्हणजे गोळी नाही?"

"नाही."

"आणि रणगाड्यात स्वयंपाकी?"

"लोडर. स्वयंपाकी तो चुलीवर होता."

"नाव काय म्हणालात?"

"चिमूट."

"चिमूट!" टाकीवाल्यांनी सभासदांकडे बघितलं. सभासद हसायला मोकळे झाले. "काका, शहीद चिमूट? शाळेची पोरं येणार, बँड वाजणार, आणि मी माइकवर म्हणू, अमर रहे चिमूट? फार तर खाली 'व इतर' असं घालू. 'व इतर' मध्ये सगळे मावतात."

"तो इतर नव्हता," काका म्हणाले. "रणगाड्यात चार जागा असतात. पाचवी नसते. इतर कुठं बसणार?"

टाकीवाल्यांनी घाईघाईनं चहा मागवला.

घरी काकू दारातच उभ्या होत्या. बातमी काकांच्या आधी पोचली होती. "पंचेचाळीस वर्षं," काकू म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं हा अंगठा मी हळदीकुंकवाच्या करंड्यासारखा जपला! माझ्या वडिलांनी स्थळ पसंत केलं ते या अंगठ्यावर! म्हणाले, युद्धात जखमी झालेला मुलगा आहे, हाताला कमी पण मनाचा मोठा. आणि तुम्ही तोफेत बोट घालून बसला होतात, पोरं बाटलीत घालतात तसं!"

"अंगठा," काका म्हणाले.

"गप्प बसा!"

तासाभरानं काकूंनी चहा आणून आदळला. गरम होता. म्हणाल्या, "त्या पोराचं खरं नाव काय?"

काका कपात बघत राहिले.

"अहो, विचारतेय मी. नाव काय त्याचं?"

"माहीत नाही."

"गाव?"

"नाही."

"आई-बाप? लग्न? काही?"

"कांदा फार बारीक चिरायचा," काका म्हणाले.

काकू बोलल्या ते एकच: "आणि टाकीवाल्याला तोंड वर करून नावं ठेवताय, तुमचं नाव त्याला ठाऊक नव्हतं म्हणून!"

हा टोला बसला. टाकीवाल्यांचं हसणं बसलं नव्हतं, भाजीवाल्याचं फिदीफिदी बसलं नव्हतं, हा बसला. बत्तीस दिवस काकांनी त्याला शिकवलं होतं, त्याचे कांदे खाल्ले होते, त्याच्याबद्दल दोन शब्दांत हमी दिली होती आणि नाव विचारलं नव्हतं. वस्तीतल्या कुठल्याही अध्यक्षाइतकेच ते बहिरे होते, आणि तेव्हा तर कान शाबूत होते.

सकाळी काकू स्वतः त्यांच्याबरोबर निघाल्या. "चला. जे ठाऊक आहे ते तरी लिहा."

छिन्नीवाला दगडाला पॉलिश करत होता आणि तोंडानं टाकीवाल्यांचा उद्धार करत होता. त्यांनी स्वतःचं नाव तीनदा मोठं करून घेतलं होतं. तिसऱ्यांदा ते एवढं मोठं झालं, की खाली साहेबांच्या नावाला वळण द्यायला जागा उरली नाही.

काकांनी सांगितलं, चौथं नाव काढ, दुसरं घाल.

"असं नाही होत, काका. माझा नियम आहे. नमुन्याच्या कागदावर नातेवाइकानं वाचून सही करायची, मगच छिन्नी लागते. एकदा एका म्हातारीच्या नावातला काना राहिला, तर तिच्या दोन्ही सुना वर्षभर दारात येऊन भांडत होत्या. तेव्हापासून सही."

"या चौघांची सही कुणी केली?"

छिन्नीवाल्यानं कागद काढला. चारही नावांपुढं टाकीवाल्यांची सही. नातं या रकान्यात चारही ठिकाणी लिहिलं होतं, "अध्यक्ष".

"आणि हे चाललं तुला?" काकू म्हणाल्या.

"काकू, गरजवंत माणूस मी. पण हे नाव काढायला मात्र खुद्द घरचं माणूस लागेल."

"मी बायको त्याची," काकू म्हणाल्या. "आणि हा तो स्वतः. याच्याहून घरचं कोण आणू?"

छिन्नीवाल्यानं डोकं खाजवलं. मयतानं स्वतः येऊन आपलं नाव काढायला सांगावं, असं त्याच्या शेडमध्ये आजवर झालं नव्हतं, आणि झालं असतं तर तो शेड सोडून पळाला असता. त्यानं कागद पुढं सरकवला. काकांनी सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, "मीच".

"हे काढलं," छिन्नीवाला म्हणाला. "ती ओळ अर्धं बोट खोल घासावी लागेल, खळगा दिसेल. आता नवीन नाव सांगा. पूर्ण."

"चिमूट."

"पुढं?"

"एवढंच."

"चिमूट," छिन्नीवाल्यानं लिहिलं. उकार पहिला की दुसरा, ऱ्हस्व की दीर्घ, हे विचारलं. काका म्हणाले, दीर्घ, हाका मारताना लांब ओढायचो. छिन्नीवाल्यानं कागद फिरवला. "सही. आणि नातं."

काकांनी सही केली. नात्यापाशी पेन थांबलं. मित्र म्हणावं तर नाव ठाऊक नाही. भाऊ म्हणावं तर टाकीवाल्यांच्या भाषणासारखं वाटतं. काकू खांद्यावरून बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी काही सुचवलं नाही. काकांनी लिहिलं, "मी शिकवलं".

छिन्नीवाल्यानं वाचलं. "काका, हे नातं नव्हे."

"लाव छिन्नी."

समारंभ ठरल्या वेळेच्या दीड तास उशिरा, म्हणजे वेळेवर झाला. बँड आला, शाळेची पोरं उन्हात उभी राहिली, दगडावर मखमली पडदा. काका मागच्या रांगेत, काकू शेजारी. टाकीवाल्यांनी माइक हातात घेतला आणि ते पाणी या विषयावर एक मिनिट, देश या विषयावर एक आणि स्वतः या विषयावर बाकीची मिनिटं बोलले. मग खिशातून जुना कागद काढून शहिदांची नावं वाचली. चौथं वाचलं ते काकांचं, तिन्ही शब्दांनिशी. मूठकाकांचं पूर्ण नाव आयुष्यात पहिल्यांदा लाउडस्पीकरवर निघालं आणि गल्लीतल्या एकालाही कळलं नाही की हा आपला काका.

"आता दोन मिनिटं शांतता," टाकीवाले म्हणाले. सगळे उभे राहिले. काका पोक काढून उभे.

"नीट उभे राहा," काकू कुजबुजल्या. "यातली पाव शांतता तुमच्यासाठी आहे."

पडदा ओढला. फोटो काढणारे पुढं धावले. टाकीवाल्यांनी हसून दगडाकडे बोट केलं, बोटाच्या टोकाकडे बघितलं आणि हसू तिथंच राहिलं. चौथी ओळ खळग्यात होती आणि त्यात चार अक्षरंसुद्धा नव्हती. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं मोठ्यानं वाचलं, "चि-मूट". मागून हशा पिकला.

टाकीवाल्यांच्या हातात माइक होता, हे ते विसरले. म्हणाले, "ही, ही छपाईची चूक आहे. लक्ष देऊ नका."

काकांना फक्त ओठ हललेले दिसले. "काय म्हणाला तो?" त्यांनी काकूंना विचारलं. काकांचा कुजबुजता आवाज म्हणजे इतरांची आरोळी, त्यामुळे अख्ख्या चौकानं मान वळवली.

"म्हणाला, चूक आहे," काकूंनीही आवाज लावला.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "नाव बरोबर आहे."

बँडवाल्यांना वाटलं, खूण झाली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.